उशिरा येणाऱ्यांची दहा मिनिटं

पोस्टाचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे, हे त्या गावात कोणी कोणाला सांगत नसे. मूल घड्याळ बघायला शिकलं की आई त्याला बोटाला धरून चौकात आणायची, वर बोट दाखवायची, लहान काटा कुठे आहे, मोठा काटा कुठे आहे, असं विचारायची. मुलानं बरोबर उत्तर दिलं की म्हणायची, “शाबास! आता यातून दहा वजा कर.” त्यामुळे त्या गावातली मुलं वजाबाकीत पक्की असायची. बेरजेचं मात्र तसं काही सांगता येत नाही.

ज्यांच्या मनगटावर घड्याळ होतं, ते रोज सकाळी किल्ली देताना पोस्टाकडे बघायचे, दहा वजा करायचे आणि आपलं घड्याळ लावायचे. शाळेचा शिपाई दहाची घंटा द्यायचा तीही व्हरांड्यातून पोस्टाकडे बघून, दहा वजा करूनच. सगळं गाव वजा करत असल्यामुळे कोणाचंच काही चुकत नसे.

पोस्टाची इमारत मुळात मिठाचं गोदाम होती. भिंती जाड, खिडक्या लहान. हवा दमट झाली की भिंतींना घाम फुटायचा आणि टेबलावर ठेवलेली पाकिटं आपली आपणच चिकटायची. “या भिंती मिठाच्या आहेत,” असं पोस्टमास्तर प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे, “इथं काम करायचं तर मिठाला जागावं लागतं.” दारातून आत गेलं की समोर लाकडी काउंटर. लोकांनी कोपरं टेकून टेकून त्याच्या कडेला एक खोलगट जागा झाली होती, बशीसारखी. त्यावर पितळी जाळी. जाळीमागे टपाल वाटून ठेवायची खणाखणांची भिंत, पार्सलं तोलायचा तराजू, आणि तारखेचा शिक्का. तो शिक्का पाकिटावर पडायचा तेव्हा होणारा ‘धप्प’ आवाज चौकातल्या बेकरीपर्यंत ऐकू जायचा.

ते पोस्टमास्तर म्हणजे आत्यांचे वडील. आणि त्यांच्यानंतर काही वर्षांनी त्याच खुर्चीत बसल्या त्या आत्या.

खरं म्हणजे त्या एकाच माणसाच्या आत्या. भावाचा मुलगा चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवायचा, तो त्यांना आत्या म्हणायचा. पण तो लहानपणी दिवसभर काउंटरखाली खेळायचा आणि दर दोन मिनिटांनी “आत्या, हे बघ!” म्हणून ओरडायचा. ते ऐकून ऐकून रांगेतली माणसंही “आत्या, दोन तिकिटं द्या” म्हणायला लागली. मग त्या सगळ्या गावाच्याच आत्या झाल्या. त्यांच्याहून वयानं मोठे असलेले बेकरीवाले काकासुद्धा त्यांना आत्याच म्हणत.

आत्यांचा जन्म पोस्टाच्या मागच्या दोन खोल्यांत झाला होता. नोकरी संपली तेव्हा त्या भाच्याकडे राहायला गेल्या. त्यानंतर काही वर्षांनी बसस्टँडजवळ नवं पोस्ट झालं. पांढऱ्या फरशीचं, मोठ्या खिडक्यांचं, कुठलीही भिंत न घामेजणारं. जुन्या पोस्टाला कुलूप लागलं. आत्यांनी त्याबद्दल कुरकुर केली नाही. लोकांना उजेडात रांग लावायला मिळते, म्हाताऱ्यांना बसायला खुर्च्या आहेत, चांगलंच झालं की, असंच त्या म्हणायच्या.

पण मग बातमी आली की जुनी इमारत पाडून तिथं गाड्या उभ्या करायला मोकळी जागा करणार. त्या दिवशी आत्या जेवल्या नाहीत.

“पाडू देत गं,” भाचा त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाला. “चार भिंती तर आहेत. त्याही खारट.”

“तुझं सगळं बालपण त्या काउंटरखाली गेलंय,” आत्या म्हणाल्या. “तिथं खाली तू खिळ्यानं घोडा कोरलायस. मला ठाऊक नाही असं वाटतंय का तुला?”

भाच्याला खरोखरच वाटत होतं की तो घोडा कोणाला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या शाळेत गेल्या. शाळेच्या मुख्याध्यापिकेला सगळे हेडबाई म्हणत. दोघींनी बसून विचार केला. गावात मुलांना बसून वाचायला जागा नव्हती. शाळेची पुस्तकं एका कपाटात कोंबलेली होती, कपाट उघडलं की ती अंगावर यायची. जुनं पोस्ट मिळालं तर पुढच्या दालनात मुलांचं वाचनालय करता येईल. काउंटर, तराजू, खणांची भिंत, सगळं जिथल्या तिथं ठेवायचं. खणांमध्ये पत्रांऐवजी पुस्तकं. आणि टपाल कसं जायचं हे मुलांना हातानं करून बघता येईल. नगरपालिका जागा सांभाळायला तयार झाली. आता टपालखात्यानं ‘हो’ म्हणायचं तेवढं उरलं.

त्यासाठी साहेब आले. तरुण होते, चष्मा लावलेले, जीपमधून उतरतानाच घाईत. वाईट माणूस मुळीच नव्हता, पण जिल्हाभरच्या अशा कितीतरी जुन्या इमारती त्यांच्या डोक्यावर बसल्या होत्या आणि प्रत्येक गावाला आपली इमारत जीव की प्राण होती. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेलं मीठ बघितलं. बाहेर येऊन त्यांनी वर पाहिलं, मग मनगटावर पाहिलं.

“हे घड्याळ चुकीचं आहे,” ते म्हणाले.

“हो, थोडं...” आत्या म्हणाल्या.

“थोडं नाही, चांगलं दहा मिनिटं. वास्तू जपायची म्हणता बाई, आणि साधं घड्याळ जपता येत नाही?”

आत्यांचे कान लाल झाले. तेवढ्यात हेडबाईंनी गावकऱ्यांच्या सह्यांचे कागद पुढे केले, ते साहेबांनी हातात घेतलेच नाहीत.

“सह्या सगळेच गोळा करतात. एका गावात तर मला मेलेल्या माणसांच्याही सह्या मिळाल्या. मी येत्या गुरुवारी सकाळी दहाला पुन्हा येतो. गावाला खरंच ही इमारत हवी असेल तर गावातली माणसं मला इथं दिसू देत. दिसली तर मी पाडू नका असं कळवीन. नाही दिसली तर माझा आणि तुमचा, दोघांचाही वेळ वाचेल.”

जीप गेली. आत्या घड्याळाकडे बघत तशाच उभ्या राहिल्या.

गावात निरोप फिरायला वेळ लागला नाही. बेकरीवाले काका म्हणाले, गुरुवारी भट्टी लवकर विझवून येतो. टेलरकाका म्हणाले, दुकान बंद करून येतो, आणि ज्यांचे कपडे रखडलेत त्यांनाही घेऊन येतो, म्हणजे गर्दी दांडगी होईल. हेडबाईंनी ठरवलं की दहाची घंटा झाली की वर्गात न जाता मुलांची रांग थेट पोस्टाकडे न्यायची. सगळं ठरलं. आत्यांच्या मनात मात्र एकच काटा सलत राहिला.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी भाच्याच्या दुकानाच्या दारात उभं राहून सांगितलं, “शिडी घे आणि चल. ते घड्याळ बरोबर लावायचंय.”

भाच्यानं डोळ्याला लावलेलं भिंग काढलं. “कुठलं?”

“पोस्टाचं.”

“आत्या, ते आजोबांनी लावलेलं घड्याळ आहे.”

“तुझे आजोबा माझे वडील होते, मला सांगू नकोस. उद्या ते साहेब येऊन पुन्हा वर बघणार, आणि पुन्हा म्हणणार की यांना घड्याळ जपता येत नाही.”

“मग गावाला सांगायला नको?”

“बरोबर वेळ सांगायला दवंडी कशाला पिटायला हवी? चुकीची सांगायची असती तर गोष्ट वेगळी.”

भाच्याला हे पटलं. इथंच घोटाळा झाला, पण त्या वेळी तो दोघांच्याही ध्यानात आला नाही.

घड्याळाचं यंत्र दारावरच्या भिंतीच्या आतल्या बाजूला होतं. आठवड्यातून एकदा भाचा वर चढून त्याला किल्ली द्यायचा. पोस्टाला कुलूप लागल्यानंतरही त्याचा नेम चुकला नव्हता. त्यानं पेटीचं दार उघडलं, हात आत घातला आणि लंबक धरून थांबवला.

“काटा मागे फिरव की,” खालून आत्या म्हणाल्या.

“अशा घड्याळाचा काटा मागे फिरवायचा नसतो. आतले दात दुखावतात. पुढे न्यायचं तर एका बोटानं नेता येतं. मागे यायचं तर थांबवायचं आणि वेळ आपल्यापाशी येईपर्यंत बसून राहायचं.”

तो शिडीवरून उतरला आणि दोघं आत जुन्या बाकावर बसून राहिली. घड्याळ बंद पडल्यावर ती जागा केवढी शांत झाली! आत्यांनी आयुष्यभर त्या टिकटिकीच्या आत झोप घेतली होती, जेवण केलं होतं, टपाल लावलं होतं. ती नसल्यावर त्यांना आपल्या श्वासाचा आवाज यायला लागला. काउंटरच्या खोलगट जागेवर मावळतीचा उजेड पडला होता.

“आजोबांनी ते पुढे का लावलं होतं गं?” भाच्यानं विचारलं. “म्हणजे मला माहीत आहे. पण तू सांग.”

“उद्या सांगेन,” आत्या म्हणाल्या.

भाच्यानं खिशातलं घड्याळ बघितलं, शिडीवर चढून लंबकाला हलकेच धक्का दिला. कितीतरी वर्षांनी पोस्टाचं घड्याळ बरोबर वेळ दाखवू लागलं.

गुरुवारी उजाडल्याबरोबर आत्या पोस्टात होत्या. त्यांनी जाळी चिंचेनं घासून लख्ख केली, बाक पुसला, तराजूची वजनं उतरत्या क्रमानं मांडली. तारखेच्या शिक्क्यात आजची तारीख लावून ठेवली. बाहेरच्या पाटीवरची धूळ झटकून झाली. मग त्या केस नीट करून, धुतलेला हातरुमाल मुठीत धरून काउंटरमागे आपल्या जुन्या जागी बसल्या.

दहाच्या ठोक्याला जीप आली. साहेब उतरले, वर बघितलं, मनगटावर बघितलं आणि हसले.

“वा! घड्याळ बरोबर केलंत.”

“हो,” आत्या म्हणाल्या, आणि त्यांना लहान मुलीसारखा आनंद झाला.

साहेब आत आले. दालन रिकामं होतं. त्यांनी दारातून चौक बघितला. चौकही रिकामा होता. एक मांजर तेवढं बेकरीच्या पायरीवर पाय चाटत होतं.

“माणसं कुठं आहेत?” त्यांनी विचारलं.

“येतीलच,” आत्या म्हणाल्या.

साहेबांनी थोडा वेळ दम धरला. ते दालनातून फिरले, खणांच्या भिंतीपाशी उभे राहिले, पुन्हा दाराशी आले. मांजरही निघून गेलं होतं.

“बाई,” ते खालच्या आवाजात म्हणाले, आणि त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं, “राग मानू नका. हे मी बऱ्याच गावांत बघितलंय. इमारत सगळ्यांना आवडते. पण एका सकाळी उठून यायचं म्हटलं की कोणी येत नाही. तुमची माया मला कळते. पण मला पुढच्या गावाला पोचायचंय.”

गाव असं कसं करेल? टेलरकाका एक वेळ थाप मारतील, पण बेकरीवाले काका? हेडबाई? स्वतःचा भाचा? त्या दाराकडे बघत राहिल्या. काहीतरी कमी आहे असं त्यांना वाटत होतं. काय ते कळत नव्हतं. सकाळची ही वेळ कानांना अशी पोकळ का लागतेय?

आणि मग त्यांना कळलं. दहाची घंटा झाली नव्हती.

दहा वाजून गेले तरी शाळेची घंटा झाली नव्हती. शिपाई व्हरांड्यात हातोडी घेऊन उभा असेल, या घड्याळाकडे बघत असेल, आणि दहा वजा करत असेल. बेकरीवाले काका वजा करत असतील. टेलरकाका वजा करत असतील. आईच्या बोटाला धरून शिकलेली वजाबाकी कोण विसरतं?

आत्यांनी कपाळावर हात मारला. “अगं बाई! मीच केलं हे!”

“काय केलंत?”

“साहेब, दहा मिनिटं थांबा.”

“का?”

आता का ते सांगायचं कसं? आत्यांनी सांगायला सुरुवात केली, ती सगळी उलटी झाली. घड्याळ चुकीचं होतं तेव्हा गाव वेळेवर होतं, आता घड्याळ बरोबर आहे म्हणून गावाला उशीर झालाय, असं त्या म्हणाल्या. साहेबांचा चेहरा बघून त्यांचं त्यांनाच कळलं की हे वेड्यासारखं ऐकू येतंय.

“बाई,” साहेब म्हणाले, “मला आजवर पुष्कळ कारणं ऐकायला मिळाली. पण घड्याळ बरोबर असल्यामुळे उशीर झाला, हे पहिल्यांदाच.” ते हसले, पण पाऊल दाराबाहेर टाकलं.

आत्या काउंटरमागून उठल्या नाहीत. त्या नुसत्या म्हणाल्या, “ती दहा मिनिटं माझी नाहीत हो. असती तर मी मागितली नसती.”

साहेब थांबले. “मग कोणाची?”

“उशिरा येणाऱ्यांची.”

ते उंबरठ्यावरच उभे राहिले. आत्या सांगू लागल्या.

“मी लहान होते. तेव्हा टपालगाडी संध्याकाळी पाचला निघायची. एकदा वीटभट्टीवरची एक बाई धावत आली. मुलगा लांब कामाला गेला होता आणि चष्मा घरीच विसरला होता. तिनं तो कापडात गुंडाळून शिवून आणला होता. ती इथं पोचली आणि गाडी त्या कोपऱ्यावरून वळली. माझे वडील सपाता फटफटवत गाडीमागं धावले. ते पुडकं वर धरून ओरडले. गाडी काही थांबली नाही. परत आले तर ती बाई त्या बाकावर बसलेली. रडली नाही, भांडली नाही. पुडक्यावरून नुसता हात फिरवत होती, जसा तापलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवतात तसा. आणखी एक दिवस पोराला दिसणार नाही, एवढंच म्हणाली. वडील त्या रात्री माझ्या आईला म्हणाले, गाडी मला थांबवता येत नाही, पण घड्याळ माझं आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते दहा मिनिटं पुढे नेलं. घड्याळात पाच वाजले की पिशवी बांधायला घ्यायचे, पण तोंड आवळायचे नाहीत. मग धापा टाकत कोणी आलं की म्हणायचे, सावकाश, अजून वेळ आहे.”

“आणि गावाला कळलं नाही?”

“कळायला काय वेळ लागतो! टेलरकाकांच्या वडिलांना कळलं. त्यांनी एकेकाला कानात सांगितलं, कोणाला सांगू नका म्हणून. सगळं गाव वजा करायला लागलं, आणि पुन्हा जे उशिरा यायचे ते उशिराच यायला लागले.” आत्या हसल्या. “मी वडिलांना म्हटलं, आता उपयोग काय, बरोबर करून टाका. ते म्हणाले, असू दे. कोणीतरी आपल्यासाठी थोडा वेळ बाजूला ठेवलाय, हे माणसाला रोज वर बघून कळलेलं बरं. मी पण त्या खुर्चीत बसले तेव्हा हात लावला नाही. काल लावला. तुम्ही म्हणालात म्हणून.”

साहेब परत आत आले, काउंटरपाशी उभे राहिले, आणि नकळत त्यांचं कोपर त्या खोलगट जागेत जाऊन बसलं. ती जागा त्यांच्याही कोपराला बरोबर झाली. त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि खिशात टाकलं.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “थांबतो.”

दोघं थांबले. वर लंबक हलत होता. आत्यांना आता हेही नक्की वाटेना की माणसं येतील. सगळं आपल्याच मनाचं असलं तर? वेळेचा घोळ हा नुसता बहाणा असला, आणि गाव खरोखरच घरी बसलेलं असलं तर? हातरुमाल मुठीत ओला झाला.

आणि घंटा झाली.

शाळेची घंटा, खणखणीत, एकामागून एक टोले. शेवटचा टोल विरायच्या आत बेकरीचं फळ्यांचं दार खडखडलं आणि काका पिठाचे हात झटकत बाहेर आले. पलीकडे टेलरकाकांनी दुकानाला कुलूप घातलं. त्यांच्यामागून खरंच रखडलेल्या कपड्यांचे धनी निघाले, चांगली मोठी रांग होती. गल्ल्यांमधून बायका, म्हातारे, नव्या पोस्टातले दोघं पोस्टमन, कडेवर मूल घेतलेली एक आई, सगळे आले. कोणीही धावत नव्हतं, कोणालाही घाई नव्हती. चौकात पाऊल टाकताना प्रत्येक जण मान वर करून घड्याळ बघत होता आणि समाधानानं मान खाली घालत होता. आणि सगळ्यांच्या मागून मुलांची रांग, पुढे हेडबाई.

“बघा,” टेलरकाका दारातूनच मोठ्यानं म्हणाले, “दहा म्हणजे दहा! आमच्या गावात वेळ म्हणजे वेळ.”

आत्यांना हसावं की रडावं कळेना. “दहा कधीच वाजून गेले हो काका. घड्याळ काल बरोबर केलंय.”

सगळे एकदमच बोलायला लागले.

“तरीच!” बेकरीवाले काका म्हणाले. “रेडिओवर दहा वाजले म्हणाले तेव्हा मी बायकोला म्हटलं, रेडिओ पुढे गेलाय बघ!”

गर्दीतून वाट काढत भाचा पुढे आला. आत्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो काउंटरखाली शिरायच्या बेतात होता.

“तू रे? तू तर स्वतःच्या हातानं केलंस ना बरोबर?”

“हातानं बरोबर केलं गं आत्या,” भाचा म्हणाला. “डोळ्यांनी वजा केलं.”

“आणि तुझ्या दुकानात भिंतभर घड्याळं आहेत ती?”

“ती दुरुस्तीला आलेली घड्याळं आहेत आत्या. त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार?”

पहिल्यांदा हसले ते साहेब. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मग त्यांनी एका लहान मुलीला विचारलं, “तू सांग बरं. किती वाजलेत?”

मुलगी दाराबाहेर गेली, वर बघितलं, बोटं मोजली आणि आत येऊन आत्मविश्वासानं चुकीची वेळ सांगितली.

“दहा वजा केलेस?”

“हो!” ती म्हणाली. असं काय विचारतात, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

साहेबांनी हेडबाईंना सांगितलं, “मी आजवर विचारत आलो की गावाला इमारत हवी आहे का. हे गाव अजून या इमारतीतच राहतंय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.” मग ते आत्यांकडे वळले. “पाडू नका असं आजच कळवतो. जागा मुलांच्या वाचनालयाला. पण माझी एक अट आहे.”

मागची माणसं ऐकायला पुढे सरकली.

“हे घड्याळ होतं तसं चुकवा. आत्ताच्या आत्ता. मी बघत असताना.”

भाच्याला शिडी आणायला सांगावं लागलं नाही. कालच्यासारखं थांबायची, वाट बघायची आज गरज नव्हती. तो वर चढला आणि एका बोटानं मोठा काटा अलगद पुढे ढकलला. खाली मुलांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी आत्यांनी लावलेला तारखेचा शिक्का उचलला आणि काउंटरवरच्या कोऱ्या कागदावर मारला. ‘धप्प!’ कितीतरी महिन्यांनी तो आवाज चौकापार गेला. मग काय, प्रत्येक मुलाला एकेक शिक्का मारायचा होता. कागद संपल्यावर तळहात पुढे आले.

जीपचा ड्रायव्हर धावत आत आला. त्यानं नुकतंच वर बघितलं होतं. “साहेब, फार उशीर झाला! पुढच्या गावचे लोक...”

“त्यातून दहा वजा कर,” साहेब म्हणाले आणि सावकाश निघाले.

आता जुन्या पोस्टात वाचनालय आहे. भिंतींना मीठ फुटतं म्हणून पुस्तकं भिंतीपासून चार बोटं दूर ठेवतात. काउंटरखालचा घोडा बघायला मुलं एकेक करून वाकून जातात, आणि तो कोणी कोरला हे आत्या कोणालाच सांगत नाहीत. दाराबाहेर पाटी आहे, वाचनालय संध्याकाळी सहाला बंद होईल. वर घड्याळात सहा वाजतात. मुलं पुस्तकं जागेवर ठेवतात आणि घरी जातात. आत्या तराजू झाकतात, खिडक्या लावतात, किल्ली हातात घेतात.

पण दार लावत नाहीत. बाकावर बसून राहतात.

बहुतेक दिवशी कोणीच येत नाही. मग त्या उठतात आणि कुलूप घालतात. पण एखाद्या दिवशी गल्लीच्या तोंडातून पावलं वाजतात, एखादी लहानशी मुलगी पुस्तक छातीशी धरून, वेणी सुटलेली, धापा टाकत चौक ओलांडताना दिसते. वर बघते, आणि घाईघाईत वजा करायचं विसरून तिचा चेहरा पडतो.

आत्या दारातून हाक मारतात, “अगं सावकाश, पडशील! ये. अजून वेळ आहे.”